एकटीने घर घेतेय, सोबत कुत्री आहे. परिसर कोणता निवडू?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तुम्ही एकट्या राहता, ४ वर्षांची, २४ किलोची कुत्री आहे, आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावं लागतं आणि आयुष्यातलं पहिलं घर घ्यायचंय. तीन पर्याय आहेत. एक, शहराच्या मध्यावर, ऑफिसपासून १५ मिनिटांवर, एका बेडरूमचा फ्लॅट. दोन, जुन्या शांत वस्तीत, ऑफिसपासून अर्ध्या तासावर, जरा मोठा फ्लॅट, पण तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. तीन, शहराबाहेरच्या नव्या टॉवरमध्ये दोन बेडरूम, मोठी गॅलरी, जाहिरातीत ‘पेट पार्क’, आणि ऑफिसला सव्वा तास. तुमचा कल तिसऱ्याकडे आहे, कारण कुत्रीला जागा मिळेल.

मी सहा वर्षांपूर्वी नेमकी याच जागी उभी होते. माझ्याकडे भुरी होती, तुमच्या कुत्रीएवढीच. तेव्हा मीही चौरस फूटच मोजत होते. म्हणून आधी स्पष्ट सांगते, तिसरा घेऊ नका. आता का ते सांगते.

मोठ्या वयाचं कुत्रं दिवसाचे साधारण १२ ते १४ तास झोपतं. घरात त्याला लागते एक अंथरूण टाकण्याइतकी जागा, पाण्याचं भांडं आणि तुम्ही दिसाल असा कोपरा. दुसरी बेडरूम तुम्हाला हवी असेल तर जरूर घ्या, पण ती तुमची गरज आहे, तिची नाही. तिचं आयुष्य घराबाहेर घडतं, पट्ट्याच्या टोकाला. दिवसाला तीन फेऱ्या धरल्या तर वर्षाच्या १,०९५ होतात, आणि त्यातली प्रत्येक तुम्हालाच मारायची आहे. दोन माणसांच्या घरात एकाला उशीर झाला तर दुसरा उठतो. तुमच्याकडे तो दुसरा नाही. त्यामुळे घराच्या दारापासून पहिल्या गवतापर्यंतचा रस्ता हा तुमच्या घराचाच भाग आहे असं समजून तो बघा.

तिसऱ्या पर्यायाचा हिशेब मांडून बघा. ऑफिसचे आठ तास, जायला सव्वा, यायला सव्वा. साडेदहा तास झाले, आणि हे सगळं सुरळीत असेल तेव्हा. निरोगी मोठ्या कुत्र्यालाही सहा ते आठ तासांपेक्षा जास्त वेळ शू रोखून धरायला लावू नये. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस दुपारी कुणीतरी पैसे देऊन ठेवावं लागणार, तो आला नाही की तुम्ही ऑफिसात बसून तळमळणार. पहिल्या पर्यायात जेवणाच्या सुट्टीत स्वतः घरी येऊन तिला खाली नेता येईल. दुसऱ्यात रोज नाही, पण अडल्यावेळी नक्की येता येईल. सव्वा तासावरून तेही जमणार नाही.

आता माझ्या मनातली सगळ्यात मोठी गोष्ट. परिसर निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: इथे माझ्या घराची किल्ली मी कुणाकडे ठेवू शकेन?

घर घेतल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी मला एका रात्री सणकून ताप भरला. सकाळी उठायला गेले तर भिंत धरूनही उभं राहवेना. भुरी दाराशी जाऊन बसली होती. ती भुंकली नाही, कुरकुरली नाही, फक्त एकदा दाराकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. साडेसहाला खालच्या मजल्यावरच्या काकूंना फोन केला. त्यांच्याकडे किल्ली होती. त्या गाऊनवरच आल्या, खुंटीवरचा पट्टा काढला, भुरीला म्हणाल्या, ‘चल गं,’ आणि ती निघाली. पुढचे चार दिवस हेच चाललं. या काकूंशी माझी ओळख झाली होती ती जिन्यात आणि फाटकाशी, भुरीला नेता-आणताना. आधी त्या तिच्याशी बोलायच्या, मग माझ्याशी बोलायला लागल्या. फाटकाशी कुणी थांबतच नाही, सगळे लिफ्टमधून थेट पार्किंगमध्ये उतरतात, अशा ठिकाणी ही ओळख व्हायला फार वेळ लागतो. नव्या टॉवरमध्ये ती होतच नाही असं नाही. पण अर्धे फ्लॅट रिकामे असतील तर पहिली दोन-तीन वर्षं तुम्ही खरोखर एकट्या असाल.

म्हणून परिसर बघायला एजंटबरोबर जाऊ नका. कुत्रीला घेऊन जा, आणि चार वेळा जा. पहाटे, भर दुपारी, रात्री अकराला आणि एकदा पाऊस पडून गेल्यावर. मी भुरीला घेऊन एका चकचकीत इमारतीत गेले होते. लिफ्टच्या दारासमोर तिने चारही पाय रोवले. आतल्या आरशाकडे बघत राहिली, कान मागे, शेपूट पोटाखाली. सवयीने ते सुटलं असतं, हे खरं. पण आम्ही तिथे थांबलो तेवढ्या दहा मिनिटांत तीन लोक आले आणि तिघेही आम्हाला बघून दुसऱ्या लिफ्टकडे वळले. एजंट मला आधी म्हणाला होता, ‘अहो, कुत्र्याचा काही प्रॉब्लेम नाही.’ लिफ्टच्या आत सूचना चिकटवलेली होती: पाळीव प्राण्यांनी जिना वापरावा. फ्लॅट नवव्या मजल्यावर होता.

तेव्हापासून तोंडी आश्वासन मी मोजत नाही. इमारतीचे प्राण्यांबद्दलचे नियम लेखी मागा आणि टोकन देण्याआधी वाचा. वजनाची किंवा संख्येची मर्यादा आहे का, कुत्र्याला लिफ्टमधून नेता येतं का, बागेतून नेता येतं का, तक्रार आली तर काय करतात. आणि त्या इमारतीत ज्यांच्याकडे कुत्रं आहे अशा एकाला तरी गाठून विचारा. कागदावर नियम चांगला आणि शेजारी रोज कटकट करणारे, असंही असतं.

दुपारच्या फेरीत रस्त्याला हात लावून बघा. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवायची. तुम्हाला सोसलं नाही तर तिच्या पंज्यांनाही सोसणार नाही. हवा २५ अंश असली तरी थेट उन्हातलं डांबर ५० अंशांच्या पुढे जाऊ शकतं आणि त्यावर पंजे मिनिटाभरात भाजतात. कुत्र्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ती मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतात, त्यामुळे सावली ही त्यांच्यासाठी चैन नाही. जुन्या वस्तीतली मोठी झाडं इथे कामाला येतात. नव्या टॉवरच्या भोवती लावलेली रोपं सावली द्यायला लागतील तोवर तुमची कुत्री म्हातारी झालेली असेल.

पावसानंतर जाण्याचं कारण साचलेलं पाणी. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, तो कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. त्यावर कुत्र्यांसाठी लस आहे आणि ती दरवर्षी द्यावी लागते. पण ज्या गल्लीत पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी डबकी तशीच राहतात, तिथे रोज तीनदा फिरायचं का, हा विचार करावा. रात्री अकराची फेरी तुमच्यासाठी आहे. दिवे आहेत का, रस्त्यावर माणसं आहेत का, एखादं दुकान उघडं आहे का, मोकाट कुत्र्यांची टोळी कुठल्या कोपऱ्यावर बसते. तुम्हाला वर्षातल्या ३६५ रात्री तिथून चालायचंय. पोटात गोळा येत असेल तर तो भाग रद्द करा, मग बाकी काहीही चांगलं असो.

आवाजाकडेही लक्ष द्या. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० किंवा त्याहून जास्त. बाजूला मोकळा प्लॉट दिसला की लोक खूश होतात, हवा येईल म्हणून. तिथे पुढे काय होणार ते आधी विचारा. दिवसभर ड्रिल चालू आणि तुम्ही ऑफिसात, असं झालं तर ती एकटी भुंकत राहणार आणि तक्रार तुमच्या नावावर येणार.

दुसऱ्या पर्यायाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण परिसर म्हणून तोच सगळ्यात चांगला वाटतोय. पण तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. तुमची कुत्री आज ४ वर्षांची आहे. एवढ्या वजनाची कुत्री आठ-नऊ वर्षांची झाली की म्हातारपणात शिरते, सांधे धरतात, जिना चढताना मध्येच थांबतात. तुमचं कर्ज २० वर्षांचं असेल, म्हणजे तिचं सगळं म्हातारपण याच घरात जाणार. २४ किलोचं जनावर दिवसातून तीनदा तीन मजले उतरवून पुन्हा चढवायचं, एकटीने. भुरीला शेवटच्या वर्षात मी टॉवेलचा झोळा पोटाखालून घालून उचलायचे, आणि आमचा पहिलाच मजला होता. त्या पंधरा पायऱ्यांवर माझी कंबर कायमची दुखावली.

आणि याच कारणासाठी जनावरांचा दवाखाना बघा. नेहमीच्या लसीसाठी कुठलाही चालेल, पण रात्री उघडा असलेला सर्वांत जवळचा दवाखाना किती लांब आहे हे स्वतः जाऊन मोजा. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये कधीकधी पोट वायूने फुगून पिळा बसतो. पोट टम्म होतं, उलटीचे उमाळे येतात पण काही पडत नाही. त्यात काही तासांत जीव जातो आणि उपाय शस्त्रक्रियेचाच असतो. अशा वेळी शहराबाहेरून पाऊण तासाचा रस्ता फार लांबचा आहे. तुमच्याकडे गाडी नसेल तर रात्री कुत्र्याला घेणारी टॅक्सी त्या भागात मिळते का, हे एकदा खरोखर बोलावून बघा.

पैशाचं थोडक्यात सांगते. पगार एकच आहे, तेव्हा बँक देईल तेवढं कर्ज घेऊ नका. सहा महिन्यांचे हप्ते आणि एका मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च बाजूला ठेवून जे उरतं त्यात बसणारंच घर घ्या. लहान घर घेतल्याने हात मोकळा राहणार असेल तर लहानच घ्या.

तर माझं मत असं: दुसऱ्या पर्यायातल्या त्या जुन्या वस्तीत तळमजला किंवा पहिला मजला निघतोय का, याची दोन-तीन महिने वाट बघा. एजंटवर विसंबू नका, रोज संध्याकाळी कुत्रीला घेऊन तिथेच फिरायला जा आणि भेटेल त्याला विचारा. जुन्या वस्त्यांमध्ये विकायचं घर बऱ्याचदा आधी शेजाऱ्यांना कळतं. नाहीच मिळालं तर पहिला पर्याय घ्या, पण त्याच्या आसपास दहा मिनिटांच्या चालीत मातीचा, गवताचा एखादा तुकडा आहे ना, तेवढं आधी बघून या. मध्यवस्तीत फक्त फरसबंदी असते आणि काही कुत्री सिमेंटवर शी करायला तासन्‌तास नकार देतात. तुमची त्यातली आहे का, हे तुम्हालाच ठाऊक.