वाचक विचारतात: बेपत्ता, अनोळखी आणि जुन्या नोंदी

प्रश्न: माझ्या आजीचे वडील ‘रामदास’ बोटीवर होते. मृतदेह घरी आलाच नाही आणि घरात एकही कागद नाही. अलिबाग तालुक्यातल्या आमच्या गावच्या नोंदवहीत त्यांचं नाव सापडलं नाही. आता कुठे शोधायचं? (वाचक, गिरगाव)

17 जुलै 1947 ला, आषाढ अमावस्येच्या गर्दीत, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि 600 हून अधिक माणसं गेली. तुमची अडचण या अपघाताबाबत नेहमी येणारी आहे. मृत्यूची नोंद माणूस राहायचा त्या गावात होत नाही, तो जिथे मेला किंवा त्याचा मृतदेह जिथे मिळाला तिथे होते. ऐन पावसाळ्याच्या समुद्रात प्रेत कुठल्याही किनाऱ्याला लागू शकतं. म्हणून स्वतःच्या गावाबरोबर रेवस, मांडवा, सासवणे, किहीम, उरणची बाजू आणि इकडे कुलाबा, ससून डॉक अशी किनाऱ्याची यादी करा.

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात त्या गावांचा गाव नमुना 14 मागा. ही गावाची जन्म-मृत्यूची नोंदवही, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. जुलै आणि ऑगस्ट 1947 ची सगळी पानं बघा, फक्त नाव शोधू नका. ‘अनोळखी पुरुष, वय अदमासे 40, बुडून’ अशा धर्तीची नोंद दिसली की तारीख, गाव आणि अंगावरच्या कपड्यांचा उल्लेख असेल तर तोही उतरवून घ्या. पान मोडीत असेल तर कारकून ‘वाचता येत नाही’ म्हणून बाजूला ठेवेल. तसं होऊ देऊ नका, नक्कल घ्या आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा.

जमीन असेल तर दुसरी वाट जास्त खात्रीची आहे. वारसांची नावं लागताना गाव नमुना 6 मध्ये फेरफार होतो आणि 6-क मध्ये वारसांची नोंद होते. तिथे ‘मयत’ शब्दापुढे तारीख असते. ही नोंद पुष्कळदा बरीच वर्षं उशिरा पडते, तेव्हा 1947 वर थांबू नका, 1960 पर्यंत पानं चाळा. वर्तमानपत्रांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, सरकारी कागदांसाठी काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतला पुराभिलेख विभाग. वर्तमानपत्र फक्त 18 जुलैचं बघून उठू नका. नावं नंतरच्या दिवसांतही येत राहतात.

नोंद नाहीच सापडली आणि दाखला हवाच असेल, तर आधी संबंधित ठिकाणाहून ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला घ्या. वर्ष उलटून गेलेली नोंद करायला जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 13(3) नुसार दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. 2023 च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आहे.

प्रश्न: धाकटा भाऊ तीन वर्षांपासून बेपत्ता आहे. मिसिंग दाखल आहे. पोलिसांनी दाखवलेल्या बेवारस मृतदेहांच्या फोटोंत तो दिसला नाही. मग तो जिवंत आहे असं धरायचं का? (वाचक, कांजूरमार्ग)

फोटोवरून ‘तो नाही’ हे ठरवू नका. मुंबईच्या उकाड्यात दोन-तीन दिवसांत चेहरा फुगतो, कातडी हिरवट काळी पडते, ओठ आणि जीभ बाहेर येतात. सख्खी आईही ओळखू शकत नाही आणि कधी कधी घरचे परक्यालाच आपला म्हणून घेऊन जातात. मिसिंगच्या कागदावर जे लिहिलं जातं, ‘रंग सावळा, बांधा मध्यम, चेहरा उभट’, त्यातलं एकही या अवस्थेत उरत नाही. तुम्ही आजच पोलीस ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब द्या आणि त्यात टिकणाऱ्या खुणा लिहून घ्या: कुठला दात पडलाय, कुठल्या दाढेत सिमेंट किंवा कॅप आहे, हाड मोडून प्लेट बसवली असेल तर कुठे आणि कोणत्या रुग्णालयात (प्लेटवर कंपनीचा क्रमांक कोरलेला असतो), गोंदण, शर्टाच्या कॉलरमधली शिंप्याची पट्टी, धोब्याची खूण.

वयाचा खोडा सगळ्यांत मोठा आहे. हाडांवरून सांगितलेलं वय हा पट्टा असतो. गळ्याच्या हाडाचं (कॉलरबोनचं) छातीकडचं टोक विशीत जुळायला लागतं आणि तिशीपर्यंत जुळून जातं, अक्कलदाढ साधारण 17 ते 25 मध्ये येते, त्यापुढे अंदाज आणखी सैल होतो. डॉक्टर ‘30 ते 40’ लिहितात, पुढच्या कागदावर ते ‘अंदाजे 35’ होतं आणि 42 वर्षांच्या माणसाचे नातेवाईक ते पान उलटून जातात. वयात दहा आणि उंचीत तीन-चार इंच इकडेतिकडे धरूनच बघा.

हद्दीचंही तसंच. रुळांवरचा मृतदेह लोहमार्ग पोलिसांकडे जातो, स्थानिक ठाण्याकडे नाही. खाडीत पडलेला मुंबईचा माणूस नवी मुंबई, ठाणे, रायगड किंवा पालघरच्या हद्दीत वर येऊ शकतो. प्रत्येक ठिकाणी त्या महिन्यापासून पुढच्या दोन महिन्यांतले अनोळखी मयतांचे एडीआर (पोलिसांकडच्या अपघाती मृत्यूच्या नोंदी) विचारा. पाण्यातल्या प्रेताच्या हाताची कातडी हातमोज्यासारखी सुटून येते. ती टाकून देत नाहीत. तज्ज्ञ ती स्वतःच्या रबरी मोजा घातलेल्या बोटावर चढवून ठसा घेतात आणि तो चांगला उमटतो. म्हणून ‘पाण्यातलं आहे, ठसे नाहीत’ एवढ्यावर समाधान मानू नका, ठसे घेतले होते का ते विचारा.

डीएनएसाठी तपास अधिकाऱ्यामार्फतच जा, म्हणजे नमुने सीलबंद होऊन कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातील. खासगी लॅबमध्ये आधी पैसे घालू नका. आई-वडील दोघांचं रक्त सगळ्यांत उपयोगाचं, मुलांचं तितकंच, भावंडांचं त्याहून कमी. आणि एक प्रश्न नेमका विचारा: अंत्यसंस्काराआधी दाढ किंवा मांडीच्या हाडाचा तुकडा राखून ठेवला होता का? चितेच्या राखेतून काही मिळत नाही. फॉर्मलिनमध्ये (नमुने टिकवायच्या द्रावणात) ठेवलेल्या तुकड्याचा डीएनए तुटतो, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या ओल्या हाडाला बुरशी लागते. कोरडं करून कागदात ठेवलेलं हाड मात्र वर्षानुवर्षं तपासता येतं.

प्रश्न: माणूस बेपत्ता होऊन सात वर्षं झाली की त्याच्या विम्याचे पैसे आपोआप मिळतात ना? हप्ते भरत राहायचे का? (वाचक, डोंबिवली)

आपोआप काहीच होत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 111 नुसार सात वर्षं ज्यांना खबर लागायला हवी त्यांना ती लागली नसेल, तर तो माणूस जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसं म्हणणाऱ्यावर येतो. दिवाणी न्यायालयातून मृत्यूची घोषणा घ्यावी लागते. पण मृत्यू नेमका कधी झाला, हे त्या कलमातून ठरत नाही. एलआयसी विरुद्ध अनुराधा या 2004 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. त्यामुळे माणूस गेला त्याच महिन्यापासून हप्ते थांबवले तर पॉलिसी लॅप्स होते आणि ‘तो तेव्हाच वारला’ हे सिद्ध करायची जबाबदारी घरच्यांवर पडते. हप्ते चालू ठेवा, मिसिंगची प्रत आणि पोलिसांचा ‘शोध लागला नाही’ हा दाखला जपून ठेवा.

प्रश्न: माँ ब्लाँच्या बर्फातून अजून मानवी अवशेष निघतात. ते होमी भाभांच्या विमानातले आहेत हे कसं ओळखणार? (वाचक, चेंबूर)

त्या डोंगरावर मुंबईहून निघालेली एअर इंडियाची दोन विमानं पडली आहेत: 3 नोव्हेंबर 1950 ला ‘मलबार प्रिन्सेस’ (48 जण) आणि 24 जानेवारी 1966 ला ‘कांचनजंगा’ (117 जण, त्यात भाभा). हिमनदी दोन्हींचे तुकडे खाली आणते. वस्तू असेल तर सोपं आहे. पंख्याचं इंजिन 1950 चं, जेट इंजिन 1966 चं. 2012 मध्ये मिळालेली परराष्ट्र खात्याची टपालाची पिशवी आणि 2020 मध्ये निघालेली इंदिरा गांधींच्या निवडीची वर्तमानपत्रं 1966 कडे बोट दाखवतात.

नुसते मानवी अवशेष हाती आले तर कार्बन-14 (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) बघावा लागतो. अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14 वाढत 1963-64 च्या सुमारास शिखराला गेला. 1950 मध्ये मेलेल्याच्या शरीरात ही वाढ नाही. इथे चूक होते ती दात घेण्याची. 1966 मधल्या प्रौढ माणसाच्या दातांचं इनॅमल बालपणीच तयार झालेलं, म्हणून ते 1950 च्या प्रेतासारखंच दिसतं. केस किंवा नखं घ्यावीत. बर्फात ती टिकतात आणि त्यांतला कार्बन मृत्यूच्या आधीच्या महिन्यांचा असतो. एवढं करूनही नाव लागत नाही, त्यासाठी नातेवाइकांचा डीएनए लागतोच.

प्रश्न: राजाबाई टॉवरवरून 1891 मध्ये पडलेल्या दोन पारशी मुलींच्या मृत्यूचा आज तरी उलगडा होईल का? (वाचक, फोर्ट)

नाही होणार, असं आम्हाला वाटतं. 25 एप्रिल 1891 ची ती घटना. संशयित न्यायालयातून सुटला. दोखम्यातल्या (मृतदेह गिधाडांसाठी उघडा ठेवतात त्या पारशी मनोऱ्यातल्या) अंत्यसंस्कारानंतर उकरून तपासण्याजोगं काही राहत नाही, उरतात ते फक्त कागद. उडी मारली की ढकललं, हे जखमांवरून क्वचितच कळतं, कारण एवढ्या उंचीवरून आपटल्यावर जखमा दोन्ही वेळा सारख्याच. काही कळलंच तर भिंतीपासून देह किती फुटांवर पडला, वरच्या कठड्यावर बोटांचे किंवा चपलांचे घसटे होते का आणि कठड्याची उंची त्या मुलींच्या छातीपर्यंत होती की कमरेपर्यंत, यावरून. ही मोजमापं त्याच दिवशी, देह हलवण्याआधी घ्यावी लागतात. तुम्हाला जुने कागद बघायचे असतील तर कोरोनरच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) चौकशीपासून सुरुवात करा. मुंबईत कोरोनरचं पद 1999 पर्यंत होतं. वाचताना साक्षीदार काय म्हणाला यापेक्षा तो कुठे उभा होता, ते आधी नकाशावर मांडा.