शब्बाथ ‘पाळायचा’ की ‘घ्यायचा’?

नागपूरच्या सदर भागातल्या एका ताईंनी विचारलंय: “आमची आजी दर रविवारी म्हणायची, ‘आज शब्बाथ हाये, सुई काढू नोको.’ आता ऑफिसातले सहकारी म्हणतात, शब्बाथ म्हणजे ज्यूंचा शनिवार, रविवारला तो शब्द लावणं चूक. आजी चुकत होती का? आणि सुट्टी ‘घेतात’, मग शब्बाथ ‘पाळतात’ का?”

सहकाऱ्यांचं म्हणणं मुळाला धरून आहे. ज्यू शब्बाथ, म्हणजे काम थांबवून विसावा घेण्याचा पवित्र दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी संध्याकाळी संपतो. आपल्या मराठीला तो जुना ओळखीचा आहे. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले मराठी बोलणारे ज्यू, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव त्यांना ‘शनिवार तेली’ हेच नाव पडलं.

ख्रिस्ती लोक उपासनेला जमतात ते येशूच्या पुनरुत्थानाच्या दिवशी, आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी. त्याचं नेमकं नाव ‘प्रभूचा दिवस’. तरीही तुमच्या आजी चुकत नव्हत्या. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट परंपरेत रविवारलाच ख्रिस्ती शब्बाथ मानतात, आणि १८४५ साली नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप त्याच परंपरेतले. आपल्या गावच्या ख्रिस्ती मंडळ्यांत ही बोली तिथूनच रुजली असावी, असं मला वाटतं. उलट सातव्या दिवसाचे अॅडव्हेंटिस्ट हा ख्रिस्ती पंथ, ते आजही शनिवारीच उपासना करतात. त्यांच्यासमोर ‘शब्बाथ’ म्हणाल तर ते शनिवारच समजतील, एवढं ध्यानात असू द्या.

शब्दाचं मूळ हिब्रू ‘शाबत’, म्हणजे थांबणे, हातातलं काम सोडणे. ग्रीकमध्ये ‘श’ नाही, म्हणून तिथून इंग्रजीपर्यंत सगळीकडे ‘स’ गेला. मराठी बायबलने मात्र ‘श’ राखला. नागपुरात हिंदी उपासनेत ‘सब्त’ कानावर पडतं, तो याच शब्दाचा भाऊ. अरबीत तर शनिवारचं नावच सब्त आहे.

पण मला खरा आनंद दिला तो तुमच्या दुसऱ्या प्रश्नाने. दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात शब्बाथाची ‘आठवण ठेव’ असं आहे आणि ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात तिथेच ‘शामोर’ हे क्रियापद येतं. शामोर म्हणजे राखणे. मेंढरं राखतात, बागेवर पहारा ठेवतात, तेही याच धातूने. आता आपलं ‘पाळणे’ पाहा. संस्कृत ‘पाल्’, रक्षण करणे. गोपाळ त्यातला, गुरं पाळणं त्यातलं, आणि शब्द पाळणं, पथ्य पाळणं, मौन पाळणंही त्यातलंच. जे आपण सांभाळलं नाही तर हातचं निसटेल, ते मराठीत पाळतात. सुट्टीचं तसं नाही. ती ‘सुटणे’मधून आली, ती मिळते, लागते, कधी घ्यावी लागते, पण कुणी राखत बसत नाही. म्हणून ‘शब्बाथ घेतला’ हे कानाला खटकतं. आणि शब्बाथ न पाळणाऱ्याने तो ‘मोडला’ असंच म्हणतात, जसं व्रत मोडतं, वचन मोडतं. एका हिब्रू शब्दाला मराठीने व्रताच्या पंगतीत बसवलं, याहून चांगला अनुवाद मला सुचत नाही.

नागपुरात तर हे पाळणं सोपं नव्हतं. इथे वारांची नावं बाजारांवरून वस्त्यांना मिळाली: इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. इतवारी म्हणजे आइतवारचा बाजार. ज्या दिवशी गाव पिशव्या घेऊन बाहेर पडायचं, त्याच दिवशी ख्रिस्ती घराने पिशवी खुंटीला ठेवायची, म्हणजे मंगळवारीच काय ते आणून ठेवायचं.

व्याकरणाचं थोडक्यात: शब्द पुल्लिंगी, शब्बाथाला, शब्बाथाच्या दिवशी. ऑफिसात ‘रविवारी मी शब्बाथ पाळते’ बिनधास्त म्हणा. ज्यू किंवा अॅडव्हेंटिस्ट वाचकांसाठी लिहिताना ‘प्रभूचा दिवस’ लिहा.

आणि ती सुई. ज्यू परंपरेत शब्बाथाला वर्ज्य अशा ३९ कामांची यादी आहे. त्यात दोन टाके घालणं हे एक काम आहे.