गोचीड-ताप म्हणाले, पण उतार नाही

प्रश्न : आमच्या चार वर्षांच्या कुत्र्याच्या प्लेटलेट्स ६० हजारांवर आल्यात. गोचीड-ताप म्हणून सहा दिवस डॉक्सिसायक्लिन (अँटिबायोटिक गोळी) चालू आहे, तरी तो खात नाही, हिरड्या फिक्या दिसतात. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं तर पहिले रागावतील का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : रागावले तरी दाखवा, आणि आजच. एर्लिकिया (गोचिडीतून येणारा जिवाणू) असेल तर या औषधाने सहसा दोन-तीन दिवसांत उतार पडतो. पडला नाही, वर हिरड्या फिक्या, म्हणजे बबेसियाची शंका घ्यायला हवी; हाही गोचिडीतूनच येतो, पण तांबड्या पेशी फोडणारा परजीवी आहे. तो केवळ डॉक्सिसायक्लिनने जात नाही. नुसत्या कमी प्लेटलेट्सवरून निदान पक्कं होत नाही. नमुन्यात त्यांच्या गुठळ्या झाल्या की यंत्र आकडा कमी दाखवतं. म्हणून स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा. अँटिबॉडी किट (रक्तातली प्रतिपिंडं बघणारी झटपट चाचणी) जुन्या संसर्गानंतरही कित्येक महिने पॉझिटिव्ह येतं, तेव्हा जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या रक्ताची पीसीआर, म्हणजे थेट जंतूचा अंश शोधणारी चाचणी, मागा. गोव्यात पावसाळा असला तर लेप्टोचंही (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) विचारा. जाताना सगळे रिपोर्ट, वजन, डोस लिहून न्या. गोळी मनाने बंद करू नका. घरातली क्रोसिन तर मुळीच नको. लघवी काळपट-लाल दिसली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता उचलून न्या.