रेडिओहेड कुठल्या क्रमाने ऐकावं? आधी गाण्यांचं वय बघा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. 'क्रीप' आणि 'नो सरप्रायझेस' आवडली, आता पुढचे अल्बम कुठल्या क्रमाने ऐकू? आणि २००१ च्या लाइव्ह रेकॉर्डमधलं 'ट्रू लव्ह वेट्स' २०१६ च्या अल्बमच्या शेवटी पुन्हा कसं आलं? मी १९९७ पासून या इंग्लिश रॉक बँडच्या मागे आहे. काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून घेतलेली 'ओके कॉम्प्युटर'ची कॅसेट फीत ताणली जाईपर्यंत वाजवली. तेवढ्या वर्षांच्या जोरावर सांगतो, की तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे.

आपल्याकडे एखादा गवई एकच बंदिश वीस वर्षं मैफलीत गातो आणि मग कधीतरी तिचं रेकॉर्डिंग होतं. त्यात कुणाला नवल वाटत नाही. रॉकमध्ये रिवाज उलटा आहे: आधी अल्बम, मग त्या अल्बमचा दौरा. रेडिओहेडने हा रिवाज फारसा पाळला नाही. गाणं सुचतं, मैफलीत वाजतं, लोकांना पाठही होतं, पण स्टुडिओत काही केल्या उभं राहत नाही. मग ते बाजूला पडतं आणि पाच, दहा, वीस वर्षांनी वेगळ्याच अंगाने परत येतं. म्हणून अल्बमवर छापलेलं साल आणि आतल्या गाण्यांचं वय यांचा मेळ बसत नाही. हे एकदा ध्यानात आलं की या बँडचे नऊ अल्बम वेगळेच ऐकू येतात.

सुरुवात थोडक्यात. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातल्या शाळेत पाच मुलं जमली: गायक थॉम यॉर्क, एड ओब्रायन, फिल सेल्वे आणि कॉलिन व जॉनी हे ग्रीनवुड बंधू. तालीम शुक्रवारी होत असे म्हणून बँडचं नाव 'ऑन अ फ्रायडे'. १९९१ च्या अखेरीस ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी सहा अल्बमचा करार झाला आणि नाव बदलून 'रेडिओहेड' झालं. 'पाब्लो हनी' १९९२ मध्ये चिपिंग नॉर्टनच्या स्टुडिओत जेमतेम तीन आठवड्यांत रेकॉर्ड झाला आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये आला. 'क्रीप'चं रेकॉर्डिंग हा मुळात बेत नव्हताच. शॉन स्लेड आणि पॉल कोल्डेरी हे निर्माते दुसरीच गाणी घेत होते. मध्येच मुलांनी हे गाणं वाजवलं, तर निर्मात्यांना ते आधीच कुणीतरी गायलेलं गाणं वाटलं. ध्रुवपदाआधी गिटारचे जे खर्रकन ओरखडे येतात, ते जॉनीचे. गाणं त्याला फारच मवाळ वाटत होतं, म्हणून त्याने ते बिघडवायला म्हणून तसं वाजवलं आणि गाण्याची ओळखच तीच झाली. सप्टेंबर १९९२ मध्ये ते सिंगल म्हणून, म्हणजे सुट्या गाण्याची रेकॉर्ड म्हणून, आलं तेव्हा इंग्लंडमध्ये कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. आधी इस्राएलमध्ये आणि मग अमेरिकेत रेडिओवर गाजल्यावर ते १९९३ मध्ये मायदेशी पुन्हा काढलं, तेव्हा सातव्या क्रमांकावर गेलं. अल्बम म्हणून 'पाब्लो हनी' मला आजही कच्चा वाटतो. तो सगळ्यात शेवटी ऐकला तरी काही बिघडत नाही.

पुढच्या रेकॉर्डवर 'क्रीप'चं ओझं होतं. लंडनच्या रॅक स्टुडिओत जॉन लेकी या निर्मात्याबरोबर १९९४ च्या सुरुवातीला काम सुरू झालं, पण कंपनीला आधी हिट सिंगल हवं होतं आणि त्या धाकाने काम अडत गेलं. शेवटी ते दौऱ्यावर निघाले, आणि मैफलीत वाजवून वाजवून गाणी सुटी झाली. 'माय आयर्न लंग' तर मे १९९४ मध्ये लंडनच्या ॲस्टोरियातल्या मैफलीत वाजलं तेच अल्बमवर आहे, फक्त गाणाऱ्याचा आवाज नंतर पुन्हा भरलाय. 'द बेंड्स' मार्च १९९५ मध्ये आला. या कामात नायजेल गॉडरिच नावाचा तरुण इंजिनियर होता. लेकी एका लग्नाला गेला असताना मागे राहिलेल्यांनी 'ब्लॅक स्टार' घेतलं, ते याच्या हाताखाली. पुढच्या जवळजवळ प्रत्येक अल्बमला हाच माणूस आहे.

आता 'ओके कॉम्प्युटर', आणि इथे मी जरा रेंगाळणार. 'लकी' हे गाणं या अल्बमच्या खूप आधीचं आहे. बोस्नियाच्या युद्धातल्या मुलांसाठी निघालेल्या 'हेल्प' या अल्बमकरता ते ४ सप्टेंबर १९९५ ला एका दिवसात रेकॉर्ड झालं आणि त्याच आठवड्यात बाजारात आलं. पुढच्या अल्बमचा सूर त्यांना त्या एका दिवसात गवसला, असं मला ते ऐकताना नेहमी वाटतं. मग कंपनीने यंत्रसामग्रीसाठी १,००,००० पौंड दिले आणि त्यांनी डिडकॉटजवळच्या एका शेडमध्ये स्वतःची सोय केली. तिथे धड शौचालयही नव्हतं. तरी 'नो सरप्रायझेस', 'सबटेरेनियन होमसिक एलियन', 'इलेक्शनियरिंग' आणि 'द टूरिस्ट' ही चार गाणी तिथलीच. तुमचं आवडतं 'नो सरप्रायझेस' पहिल्याच टेकमधलं आहे. नंतर त्यांनी ते कितीतरी वेळा घेऊन पाहिलं, पण पहिल्यासारखं जमेना.

बाकीचा अल्बम बाथजवळच्या सेंट कॅथरिन्स कोर्ट या जुन्या हवेलीत झाला. ती तेव्हा अभिनेत्री जेन सीमोर यांच्या मालकीची होती. हेडफोन लावून 'एक्झिट म्युझिक' ऐका. थॉमच्या आवाजाभोवती जो गारवा आहे तो यंत्रातला नाही, तो दगडी जिन्यात उभं राहून गायल्याचा आहे. 'लेट डाउन' पहाटे तीनला नाचघरात घेतलं. स्टुडिओऐवजी घर वापरलं की वास्तू कशी आपला स्वर मिसळते, हे मला या अल्बमने शिकवलं. जपानमध्ये तो २१ मे १९९७ ला आला, इंग्लंडमध्ये १६ जूनला.

या अल्बममध्ये काय नाही, तेही तितकंच महत्त्वाचं. 'लिफ्ट' हे गाणं १९९६ च्या मैफलींत लोक उचलून धरत होते. गाजणार हे दिसत असूनही त्यांनी ते वगळलं. ते अधिकृतपणे आलं थेट २०१७ मध्ये, 'ओकेनॉटओके' या विसाव्या वर्षाच्या आवृत्तीत. 'न्यूड' हेही याच काळातलं. तेव्हा ते हॅमंड ऑर्गन घेऊन अल ग्रीनच्या धाटणीवर करून पाहिलं, पटलं नाही, आणि ते दहा वर्षं पडून राहिलं.

'किड ए' आणि 'अम्नीझिॲक' यांना पुष्कळजण मूळ अल्बम आणि उरलंसुरलं असं समजतात. तसं नाही, ही जुळी भावंडं आहेत. जानेवारी १९९९ मध्ये पॅरिस, मार्चमध्ये कोपनहेगन, मग ग्लॉस्टरशरमधलं बॅट्सफर्डचं घर आणि शेवटी ऑक्सफर्डमध्ये बांधलेला स्वतःचा स्टुडिओ असा वर्षाहून अधिक लांबलेला प्रवास. थॉमला गिटारचा आणि स्वतःच्या आवाजाचाही वीट आला होता. पाचजणांच्या बँडमध्ये गिटारच वाजणार नसेल तर आपण करायचं काय, हा बाकीच्यांपुढचा खराखुरा प्रश्न होता. उत्तर शोधताना जॉनी ऑन्ड मार्तनोकडे वळला. १९२८ मध्ये जगापुढे आलेलं हे फ्रेंच विद्युत वाद्य मींड काढण्यात आपल्या सारंगीच्या जवळ जातं. 'हाउ टू डिसअपिअर कम्प्लीटली'मध्ये ते ऐका. त्यातली तंतुवाद्यं डॉर्चेस्टरच्या १२ व्या शतकातल्या चर्चमध्ये रेकॉर्ड केलीत. 'इडियोटेक'मधले चार स्वरसंघात (कॉर्ड) पॉल लान्स्की यांच्या १९७३ च्या संगणक-संगीतातून उचललेत. त्या सगळ्या नव्याच्या शेवटी येणारं 'मोशन पिक्चर साउंडट्रॅक' मात्र 'क्रीप'च्या वेळचं. सगळ्यात आधुनिक म्हणून नावाजलेल्या अल्बमचा समारोप त्यांच्या सगळ्यात जुन्या गाण्यांपैकी एकाने होतो, तोही हार्मोनियमच्या जातीच्या पायपेटीवर.

'किड ए' ऑक्टोबर २००० मध्ये आला. एकही सिंगल नाही, नेहमीसारखी जाहिरात नाही, तरी अमेरिकेत पहिला क्रमांक. 'अम्नीझिॲक' आठ महिन्यांनी, जून २००१ च्या सुमारास. त्यात 'लाइक स्पिनिंग प्लेट्स' आहे. 'आय विल' नावाचं एक गाणं मनासारखं होईना. त्याची फीत उलटी वाजवली तर नवीच चाल निघाली, आणि थॉमने त्या उलट्या सुरांवर नवं गाणं रचलं. मूळ 'आय विल' साध्या रूपात २००३ च्या 'हेल टू द थीफ'मध्ये आलं. म्हणजे सावली आधी प्रकाशित झाली आणि माणूस मागून आला. ही दोन गाणी लागोपाठ ऐका.

'हेल टू द थीफ'वर फार लिहीत नाही. किड एच्या दिवसांतल्या कष्टांना कंटाळून त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये दोन आठवड्यांत, दिवसाला एक गाणं अशा वेगाने बरंचसं काम उरकलं. ऊर्जा आहे, पण अल्बम लांबलाय. यानंतर ईएमआयचा करार संपला.

'इन रेनबोज'ची गोष्ट बहुतेकांना पैशांची म्हणून माहीत आहे. १ ऑक्टोबर २००७ ला घोषणा, १० ऑक्टोबरला बँडच्याच संकेतस्थळावर अल्बम, आणि किंमत ऐकणाऱ्याने ठरवायची. काही न देताही घेता येत होता. फाइली १६० केबीपीएसच्या, म्हणजे आवाजाच्या दर्जाने उण्या होत्या, त्यावर तेव्हा कुरकुर झाली. ४० पौंडांच्या पेटीत दोन रेकॉर्ड आणि दुसऱ्या सीडीवर आणखी आठ ट्रॅक होते, ती सीडी आता स्ट्रीमिंगवरही मिळते. दुकानांत अल्बम वर्षअखेरीस आला. पण माझ्या लेखी त्या अल्बमची खरी बातमी म्हणजे 'न्यूड'. आधी दुसऱ्या निर्मात्याबरोबर काम जमलं नाही, गॉडरिचला परत बोलावलं, विल्टशरमधल्या टॉटनहॅम हाउस या पडक्या वाड्यात मुक्काम टाकला. आणि दहा वर्षं अडलेलं ते गाणं सुटलं ते कॉलिनने बेसची नवी चाल रचल्यामुळे. चाळिशीकडे झुकलेल्या माणसांनी ते गायलं म्हणून ते इतकं शांत आहे. १९९७ मध्ये हे जमलं नसतं.

२०११ चा 'द किंग ऑफ लिंब्ज' आठ गाण्यांचा, ३७ मिनिटांचा. तुकडे कापून, पुन्हा पुन्हा फिरवून रचलेला. मला तो अल्बमपेक्षा 'फ्रॉम द बेसमेंट'च्या लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये कळला, तिथे क्लाइव्ह डीमर हा दुसरा ड्रमर आहे. आधी तेच बघा.

यानंतर एक आडवाट, आपल्या बाजूची. २०१५ मध्ये जॉनी आणि गॉडरिच जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात काही आठवडे राहिले. इस्रायली संगीतकार शाय बेन त्सूर आणि राजस्थानी वादक-गायकांबरोबर तिथे 'जुनून' रेकॉर्ड झाला. तिथेही तीच खोड: स्टुडिओ नको, वास्तू हवी. जॉनी त्यात पुढे पुढे करत नाही, आपले कव्वाल आणि नगारे मोकळे वाजतात. नक्की ऐका.

त्याच सुमारास दक्षिण फ्रान्समधल्या सँ-रेमीजवळ, गिरणीच्या जुन्या इमारतीतल्या ला फाब्रीक स्टुडिओत 'अ मून शेप्ड पूल' घडत होता. ८ मे २०१६ ला तो आला. त्यातलं 'बर्न द विच' किड एच्या काळापासून रखडलेलं, 'प्रेझेंट टेन्स' २००९ पासून मैफलीत वाजलेलं. गाण्यांचा क्रम चक्क इंग्रजी मुळाक्षरांनुसार आहे, आणि त्यातही 'ट्रू लव्ह वेट्स' नेमकं शेवटी येतं.

आता त्याच गाण्याचा पूर्ण माग काढतो. ५ डिसेंबर १९९५ ला ब्रसेल्समध्ये ते पहिल्यांदा वाजलं. ओके कॉम्प्युटरच्या वेळी कीबोर्डचं एक आवर्तन (लूप) करून पाहिलं, फसलं. ते आवर्तन वाया गेलं नाही, त्यातून 'अम्नीझिॲक'मधलं 'पल्क/पुल रिव्हॉल्व्हिंग डोअर्स' झालं. २०१९ मध्ये थॉमच्या मिनीडिस्क (जुन्या रेकॉर्डिंगच्या छोट्या डिस्क) चोरीला गेल्या, तेव्हा बँडने १८ तासांचं ते सगळं रेकॉर्डिंग स्वतःच १८ पौंडांना विकायला काढून पैसे पर्यावरण चळवळीला दिले. त्यात हे नातं उघड झालं. किड एच्या वेळीही प्रयत्न झाले, जमले नाहीत. मग २००१ च्या 'आय माइट बी राँग'मध्ये एकट्या गिटारवरचं लाइव्ह रूप आलं, आणि आता यापुढे काही नाही असं आम्ही सगळे धरून चाललो. पुढे पंधरा वर्षं.

तेव्हा माझा क्रम असा: 'ओके कॉम्प्युटर' पूर्ण, मग 'इन रेनबोज', मग मागे येऊन 'द बेंड्स'. 'किड ए' आणि 'अम्नीझिॲक' एकाच आठवड्यात, रात्री. मग 'अ मून शेप्ड पूल'. बाकीचे सवडीने.

आणि त्या शेवटच्या अल्बमकडे जाण्याआधी २००१ चं 'ट्रू लव्ह वेट्स' दोन-चार दिवस ऐकत राहा, अगदी शब्द ओठांवर येईपर्यंत. त्यात सत्तावीस वर्षांच्या माणसाने जाऊ नकोस म्हणून लिहिलेली विनवणी आहे, गिटार जोरात छेडत, आवाज चढवत. २०१६ च्या रूपात गिटार नाही. एक पियानो सावकाश चालतो, त्यावर दुसऱ्या पियानोचे तुकडे येऊन पडतात आणि ते पहिल्याच्या तालात नेमके बसत नाहीत, घसरत राहतात. शब्द तेच आहेत. फक्त गाणारा आता उत्तराची वाट बघत नाहीये.