सह्याद्रीसाठी पहिला जीपीएस घेताना

भटकंतीला सुरुवातच करत असाल तर महागडं मॉडेल नको. गार्मिनचा ईट्रेक्स २२एक्स पुरतो. दोन पेन्सिल सेलवर साधारण २५ तास चालतो, आणि सेल गडपायथ्याच्या टपरीवरही मिळतात. रिचार्जेबल सेल घातलेत तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदला, नाहीतर उरलेली बॅटरी चुकीची दिसते.

त्याच्याच पुढच्या ३२एक्स मॉडेलमध्ये हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक आणि उभ्या जागी दिशा दाखवणारं होकायंत्र जादा. २२एक्सची दिशा चालतानाच खरी, म्हणून साधं होकायंत्र खिशात असू द्या.

नवखे इथे चुकतात:
- झाडाखाली किंवा गाडीत चालू करतात. मोकळ्या आकाशाखाली काही मिनिटं थांबा.
- नकाशा घरीच भरून तपासत नाहीत. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशा-प्रकल्पाचा फुकट मिळतो.
- पायथ्याची खूण साठवायची राहते. (सगळ्यात महाग चूक हीच!)
- नाळेत (कड्यांमधल्या अरुंद घळीत) शिरल्यावर बाण उड्या मारतो, कारण सिग्नल कड्यांवर आपटून येतो. तिथे वाट डोळ्यांनी शोधा.

उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. परदेशातून मागवू नका.