कोयासानला मठात राहावं की ओसाकाहून एका दिवसात जाऊन यावं?

तुम्ही विचारलंय की चौघं शाकाहारी आहात, कोयासानला (जपानमधलं डोंगरावरचं बौद्ध मठांचं गाव) एक रात्र काढावी का आणि काढायची तर कोणत्या मठात.

राहा. 'ओसाकाहून डे ट्रिप होते की' म्हणणाऱ्यांशी माझं आजवर पटलेलं नाही. ओसाकातल्या नाम्बा स्टेशनहून नान्काई रेल्वेच्या एक्सप्रेसने गोकुराकुबाशी स्टेशन साधारण १०० मिनिटं, मग ५ मिनिटं केबल कार, मग बस (स्टेशन ते गाव हा रस्ता चालायला बंद आहे). जाण्यायेण्यातच पाचेक तास जातात आणि हाती उरते ती भर गर्दीची दुपार.

शाकाहाराची चिंता तर सोडाच. जपानमध्ये बाहेर नूडल्स, मिसो सूप, अगदी उकडलेली भाजीसुद्धा माशाच्या 'दाशी'त, म्हणजे अर्काच्या पाण्यात, केलेली असते. 'मांस नको' म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि मासा तसाच राहतो. मठातली दाशी मात्र कोम्बू या समुद्री शेवाळाची आणि सुक्या शिताके मशरूमची. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. जैन असाल तर मुळा, गाजर, कमळकाकडी, मशरूम सगळं ताटात येणार. बुकिंग करतानाच कळवा, आयत्या वेळी काही होत नाही.

ताटातला गोमा-दोफू नुसता गिळू नका. नाव टोफूचं, पण आत सोयाबीन नाही. तीळ वाटून, गाळून, त्यात कुझू वेलीच्या मुळाचं पीठ आणि पाणी घालून मंद आचेवर घोटतात. हात थांबला की गुठळ्या, लवकर उतरवलं की पिठाचा कच्चा वास. नीट जमलेला खरवसासारखा थरथरतो, वर चिमूटभर वासाबी. दुसरा कोया-दोफू, गोठवून सुकवलेला. पाण्याचा बर्फ होताना आत जाळी पडते, म्हणून शिजताना तो स्पंजासारखा रस पितो. चावलात की गोडसर पाणी तोंडभर.

तिखटाचा मात्र पत्ता नाही, आणि पदार्थ बरेचसे गारच येतात. सोबत मेतकूट न्या. लसणाची चटणी नको: लसूण तिथे वर्ज्य आहे आणि खोल्यांमध्ये बहुतेकदा सरकत्या कागदी दाराचाच आडोसा.

जेवण संध्याकाळी साडेपाच-सहाला. पाचच्या आत पोचायचं. सातला उगवलात तर जेवण गेलंच. याला 'हॉटेलपेक्षा वाईट सर्व्हिस' म्हणणाऱ्यांनी हॉटेलातच उतरावं. मोठी बॅग कुरिअरने पुढच्या मुक्कामी पाठवा, वर रात्रीपुरतं सामान घ्या. तातामीवर (खोलीतल्या गवती चटयांवर) चपला-स्लिपर काहीच नाही, संडासाच्या स्लिपर वेगळ्या, त्या घालून बाहेर यायचं नाही. न्हाणीघर बहुधा सामायिक, बायका-पुरुषांचं वेगळं: आधी बसून अंग स्वच्छ धुवायचं, मगच टाकीत उतरायचं, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही आणि बाहेर पडताना पाणी सोडायचं नाही, मागच्यांनाही तेच वापरायचं असतं.

पहाटेची प्रार्थना सहा-साडेसहाला. हा बौद्धांचा शिंगोन पंथ, मंत्र मुळात संस्कृत, त्यामुळे 'ओन आबोक्या बेइरोशानो' कानावर पडलं तर ते 'ॐ अमोघ वैरोचन' आहे. काही मठांत 'गोमा' होतो, म्हणजे आपला होमच.

कोणता मठ? मुक्कामाची सोय पन्नासेक मठांत आहे. दर खोलीमागे नसून माणशी असतो, त्यात दोन जेवणं धरलेली आहेत ना आणि खोलीत हीटर आहे ना, एवढं बघा. शक्यतो इचिनोहाशी पुलाजवळचा घ्या, ओकुनोइन या दफनभूमीची वाट तिथूनच सुरू होते.

हो, गुडघे दुखत असतील तर जमिनीवरचं जेवण आणि अंथरूण त्रास देईल. आणि गाव ८०० मीटर उंचीवर आहे, जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो.

सकाळी निघताना सामान मठातच ठेवायला विचारा आणि इचिनोहाशीवरून ओकुनोइनला चालत जा. २ किलोमीटर उंच सुगी (जपानी सीडर) झाडांखालची वाट, दोन्ही बाजूंना दोन लाखांहून अधिक समाध्या. या पंथाचे संस्थापक कूकाई ८३५ साली समाधीत गेले, पण तिथल्यांच्या लेखी ते अजून ध्यानात बसले आहेत, म्हणून त्यांना रोज सकाळी ६ आणि १०:३० ला जेवण नेतात. भिक्षू लाकडी पेटी उचलून कूकाईंच्या समाधीअलीकडचा गोब्योबाशी पूल ओलांडतात. त्या पुलापलीकडे फोटो नाही, टोपीही नाही. ओसाकाहून आठला निघालेल्यांना साडेदहाचं हे दृश्य गाठणंही अवघडच.