माळ घातलीस, आता खुर्चीतही येऊन बस

लेकरा,

आषाढीहून परतलास आणि दारू सोडून माळ घातल्याचं फोनवर सांगितलंस. मागून तुझी आई कुणाला तरी म्हणत होती, "सुटलं बाई एकदाचं." बरं वाटलं. पण खोटं कशाला बोलू, पोटात गोळाही आला.

कारण मीही माळ घातली होती. नाथषष्ठीला, पैठणला. पोळ्यापर्यंत टिकली. पोळ्याच्या दिवशी बैल वेशीतून आले, मित्रांनी खुणावलं, मी माळ काढून बैलांच्या झुलीशेजारी खुंटीला अडकवली आणि गेलो. एरवी प्यालो असतो त्याच्या दुप्पट प्यालो. माळ बाटली, देव रुसला, आता राखायचं तरी काय, असा तो हिशेब. पुढं वर्षभर कीर्तनाच्या मांडवाकडं फिरकलो नाही.

माळेला मी नावं ठेवत नाही. माळेनं सावरलेली घरं आपल्याच गावात आहेत. अडचण एवढीच की शपथ असते जन्माची, आणि मोडली की माणूस सगळ्यात आधी तोंड लपवतो. एए समूहात, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठकीत, जन्माचं कुणी विचारत नाही. आजचं विचारतात. आज पहिला पेला घ्यायचा नाही, उद्याचं उद्या. आणि घसरलेला माणूस परत आला तर त्याला खुर्ची सरकवून देतात, चहा देतात. (चहा फुळकवणी असतो, ते आधीच सांगून ठेवतो.)

हे सुरू कसं झालं ते ऐक. 1935 साली बिल विल्सन नावाचा अमेरिकेतला माणूस धंद्याच्या कामानं अ‍ॅक्रन नावाच्या शहरात गेला होता. काम फिसकटलं, हॉटेलात बारचा आवाज कानावर यायला लागला. त्यानं बारमध्ये न जाता फोन फिरवले, कुणी दुसरा दारुडा बोलायला मिळतो का म्हणून. मिळाला तो एक सर्जन, डॉ. बॉब स्मिथ. दोघं बोलत बसले आणि बिलची ती वेळ टळली. डॉक्टर मात्र त्यानंतर एका अधिवेशनाला गेला आणि पुन्हा प्यायला! मग 10 जूनला त्यानं शेवटचा पेला घेतला, आणि तोच दिवस एएचा स्थापना दिवस मानतात. पाया घालणाराच एकदा घसरलेला; तिथं तुला मला कोण हिणवणार?

तू विचारलंस, नाव लिहून घेतात का, पैसे लागतात का. फॉर्म नाही, फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. शेवटी एक डबा फिरतो, जमलं तर दहा रुपये टाक. तिथं ऐकलेलं तिथंच ठेवायचं. तालुक्याच्या गावात शेजारच्या खुर्चीवर तुझा आडत्याही निघेल. त्यालाही तुझ्याइतकीच भीती असते. पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नाही. नुसतं बस.

देवाचं नाव निघतं, पण ज्याचा त्याचा देव. तुझी माळ तिथं कुणाला खुपणार नाही.

आता दोन गोष्टी घरच्यांसाठी. वारीत बंद केलीस तेव्हा हात कापले असतील, निभावलं. पण पुढं कधी रोजची सुरू झाली तर घरी कोंडून एकाएकी बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येते, नाही ते दिसायला लागतं, जीवही जाऊ शकतो. सरळ सिव्हिलला न्यायचं. दुसरं, कुणी सांगितलेली दारू सोडवायची गोळी आईनं भाजीत गुपचूप कालवायची नाही. ती पोटात असताना दारू पडली तर जीवावर बेततं. आईला म्हणावं, घरच्यांसाठीही अल-अ‍ॅनॉन म्हणून वेगळे समूह असतात. तिलाही रडायला जागा पाहिजे.

दुःखात पितात असं लोक म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. सोयाबीनची पट्टी हातात पडली, मेव्हण्याची हळद लागली, पॅनल निवडून आलं, अशा दिवशी माणूस जास्त घसरतो. खिसा गरम, पोट रिकामं आणि सोबतीला जुनी मंडळी, हे तीन एकत्र आले की आधी जेवून घे आणि मला फोन लाव. रात्रीचे बारा वाजले असले तरी. मी उपकार करायलो असं समजू नकोस. तुझा फोन आला की त्या दिवशी माझीही प्यायची राहते.

पोळा आता महिना-दीड महिन्यावर आलाय. त्या संध्याकाळी मी दरवर्षी समूहातच असतो. बैल दारात आले, पुरणपोळी खाऊन झाली की घराबाहेर पडायच्या आधी मला मिस्ड कॉल दे. मोटारसायकल घेऊन फाट्यावर येतो.

तुझा काका